इंची टेप आणि आमचा ऑनलाइन फॉर्म

२०२३ चा जून. हेड ऑफिसकडून मेल आला: सर्व कर्मचाऱ्यांचं आरोग्य मूल्यमापन ऑनलाइन करायचं आहे, सोबत लिंक दिली आहे, पंधरा दिवसांत शंभर टक्के भरून घ्या. फॉर्म बाहेरच्या एका एजन्सीने तयार केला होता. चाळीसेक प्रश्न, शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग आणि त्याखाली चार ओळींचा सल्ला.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी आहे. पाचशे किंवा जास्त कामगार असले की तेव्हाच्या कारखाना अधिनियम, १९४८ प्रमाणे हे पद भरावंच लागायचं. दवाखान्याची खोलीही त्याच कायद्यामुळे. तिला आमच्याकडे सगळे ओएचसी म्हणतात. तिथे सिस्टर बसतात, डॉक्टर ठरलेल्या वेळी येतात. कॅन्टीन, बस, युनिफॉर्म, कुणाच्या घरचं आजारपण, सगळं माझ्याकडे येतं. म्हणून हा फॉर्मही माझ्याकडे आला.

लोकांना सांगण्याआधी आपण भरून बघावा म्हणून रात्री घरी, ओटा आवरून झाल्यावर, मोबाइल घेऊन बसले. वय ४४. व्यायाम नाही. काम बसून. आईवडील शेतकरी, दोघांनाही शुगर नाही. कमरेचं माप विचारलं होतं, तिथे शिंप्याकडचं जुनं माप आठवलं, एकतीस इंच, त्याचे सेंटिमीटर करून ७९ टाकले. मधुमेहाच्या धोक्याचे गुण आले ५०. रंग पिवळा. सल्ला होता की चालत जा, गोड कमी करा. मी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना गुण दाखवले. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, कमरेचं माप कुठून घेतलंत?"

मग ड्रॉवरमधून पिवळी इंची टेप काढली, दाराला कडी लावली. शेवटची बरगडी बोटाने चाचपली, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक, दोन्हींच्या मधोमध पेनाने ठिपका काढला. टेप त्या ठिपक्यावरून आडवी फिरवली. "श्वास सोडा. पोट आत ओढू नका." टेप ९१ सेंटिमीटरवर थांबली. त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं, पुन्हा ९१.

मधुमेहाच्या धोक्याचा तो भाग म्हणजे चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये मांडलेली गुणपद्धती आहे, हे मला डॉक्टरांकडून कळलं. रक्ताचा थेंबही न घेता चारच गोष्टी विचारायच्या: वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह. बाईची कंबर ८० च्या आत असेल तर शून्य गुण, ८० ते ८९ ला दहा, ९० किंवा पुढे वीस. पुरुषांना प्रत्येक टप्प्यावर दहा सेंटिमीटर जास्त सूट. एकूण ६० किंवा जास्त आले की धोका मोठा, रक्त तपासून घ्या. म्हणजे माझे ५० नव्हतेच, ७० होते. रात्री पिवळ्यात होते ती सकाळी लालमध्ये आले. रात्रीतून शरीरात काही बदललं नव्हतं, माप तेवढं खरं घेतलं गेलं होतं.

रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.१ आली. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह, मी मधल्या पट्ट्यात. डॉक्टर म्हणाले, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास याच महिन्यात प्रसिद्ध झालाय, देशात मधुमेह असलेले १० कोटींच्या पुढे आणि तुमच्यासारखे उंबरठ्यावरचे त्याहून जास्त, साडेतेरा कोटी. त्या साडेतेरा कोटींत आपण आहोत हे ऐकताना हात गार पडले. घरात कुणाला नाही, म्हणून मी स्वतःला या सगळ्यातून कधीच वजा करून टाकलं होतं.

त्याच क्षणी मला भीती वाटली ती फॉर्मची. मी शिकलेली, हे काम करणारी, आणि मीच चुकीचा आकडा भरला. मग लाइनवरची पोरं काय भरतील?

तसंच झालं. पहिल्या आठवड्यात आलेल्या फॉर्मांमध्ये पुरुषांच्या कमरेचे आकडे बघा: ८१, ८६, ८६, ९१. हे बत्तीस, चौतीस आणि छत्तीस इंच, म्हणजे पॅन्टचे नंबर. पॅन्ट पोटाखाली बांधली की चौतीस नंबर वर्षानुवर्षं चालतो, पोट वरून कितीही पुढे येवो. एका शिफ्ट सुपरवायझरनी ८६ लिहिले होते, सिस्टरनी मोजले तर १०१ भरले. शून्य गुणांवरून सरळ वीस.

मी एजन्सीच्या मुलीला फोन केला. ती भली होती, ऐकून घ्यायची. तिला म्हटलं, हा फॉर्म लाइनवरच्या माणसाला विचारून केलेला नाही, आपण तो परत लिहू. मुदत दीड महिना वाढवून घेतली. प्लांट हेड नाराज झाले. मी त्यांचं माप घ्यायला सिस्टरना बोलावलं, त्यानंतर मुदतीवरून वाद झाला नाही.

फॉर्म मराठीत करायला बसलो तेव्हा एकेक प्रश्न उलगडत गेला. "आठवड्यातून किती वेळा जिमला जाता?" आमच्याकडे प्रेस शॉपवरचा माणूस आठ तास उभा असतो, माल उचलतो, आणि जिमला शून्य म्हणून फॉर्म त्याला आळशी ठरवतो. उलट जनरल शिफ्टला खुर्चीत बसणारा आठवड्यात दोनदा जिम लिहून सुटतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम कष्टाची हालचाल सांगते. पण "मध्यम कष्ट" म्हणजे काय, हे फॉर्ममध्ये कुठे होतं? सिस्टरनी सुचवलं ते आम्ही छापलं: "दम लागतो, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असं चालणं किंवा काम दिवसात किती मिनिटं करता?" हा प्रश्न सगळ्यांना कळला.

तंबाखूचा प्रश्न तर सगळ्यात चुकीचा होता. "तुम्ही धूम्रपान करता का?" जवळजवळ सगळ्यांनी "नाही" लिहिलं होतं आणि ते खरं बोलत होते. आमच्या गेटबाहेरच्या टपरीवर सिगारेट कमी आणि चुन्याची पुडी जास्त खपते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आत होते आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे चोवीस टक्के. सहापट! राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण तंबाखू-चुना आहे, मावा आहे, बायकांची मशेरी आहे. धूर विचारला तर उत्तर मिळणारच नाही. आम्ही लिहिलं: "तंबाखू, मावा, गुटखा, खैनी, मशेरी, विडी, सिगारेट यांपैकी काय घेता? उठल्यावर पहिल्यांदा किती वेळाने?" हा दुसरा भाग डॉक्टरांचा. उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय खोल आहे, त्याला नुसतं "सोडा" सांगून भागत नाही. अशांच्या निकालाखाली आम्ही तंबाखूमुक्तीची सरकारी हेल्पलाइन टाकली, १८००-११२-३५६.

आणि तिसरा प्रश्न बीपीचा. "तुम्हाला उच्च रक्तदाब आहे का? हो / नाही." आमच्या टूल रूममध्ये एक दादा आहेत, पन्नाशीच्या पुढचे, कुणाला मशीन अडलं की त्यांनाच हाक. त्यांनी "नाही" लिहिलं होतं. कमरेच्या मापासाठी ओएचसीत आले तेव्हा सिस्टरनी सहज पट्टा बांधला. १७०/११०. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, १६८/१०८. दादा म्हणाले, "पण मला काहीच होत नाही हो." कधी मोजलं होतं शेवटचं? त्यांनी आठवून पाहिलं. कधीच नाही.

त्यांचं "नाही" खोटं नव्हतं. ज्याने कधी मोजलंच नाही त्याने काय लिहायचं? फॉर्ममध्ये तिसरा पर्याय घातला: "कधी तपासलं नाही". आणि हे उत्तर देणाऱ्याला कुठलाही रंग न देता थेट मजकूर यायचा, "या आठवड्यात ओएचसीत या, पाच मिनिटं लागतील." माझ्या मते त्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची ओळ हीच. लोक आले ते तिच्यामुळे.

एवढं करूनही कंत्राटी मुलं फॉर्म भरेनात. सुरुवातीला मला वाटलं वेळ नाही. लाइनवर मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून आम्ही बसमध्ये भरायला सांगितलं होतं, राजगुरुनगर आणि भोसरीच्या फेऱ्यांना तासभर मिळतोच. पण कारण वेगळं होतं. युनियनचा एक प्रतिनिधी चहाच्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, वर टोकन नंबर टाकायला लावलाय. उद्या शुगर निघाली तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट होईल का? हे कोण कोण बघणार?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. एजन्सीला विचारलं तर कळलं की करारात प्रत्येकाचा निकाल कंपनीला द्यायची तरतूद आहे, फक्त अजून कुणी मागितला नव्हता. मी तो करार घेऊन एचआर आणि प्लांट हेडसमोर बसले. माणसाच्या आजाराची माहिती ज्या कामासाठी म्हणून मागितली त्याच कामासाठी वापरायची आणि तीही त्याच्या संमतीने, हे आता कायद्यातही आलं आहे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात. तो तेव्हा यायचा होता, पण कायद्याआधी साधी गोष्ट आहे. भाकरीची धास्ती असेल तर माणूस खरं सांगणार नाही, आणि खोट्या उत्तरांवर कंपनी कितीही रंगीत तक्ते काढो, त्याचा कुणालाच उपयोग नाही. दोन बैठका लागल्या. टोकन नंबर गेला. निकाल फक्त भरणाऱ्याच्या मोबाइलवर. कंपनीला विभागवार एकत्रित आकडे, तेही वीसपेक्षा कमी माणसं असतील त्या विभागाचे नाहीत, कारण पाच जणांच्या पेंट शॉपमध्ये "एकाला मधुमेह" म्हटलं की नाव घ्यायची गरज उरत नाही. हे सगळं मराठीत लिहून, प्लांट हेडची सही घेऊन, कॅन्टीनच्या फळ्यावर लावलं.

सही बघायला लोक थांबायचे. खरी सही आहे की छापलेली, हे एकाने बोट फिरवून पाहिलं. त्या आठवड्यापासून फॉर्म यायला लागले.

मध्ये एक स्पर्धाही झाली, सगळ्यात जास्त पावलं चालणाऱ्याला बक्षीस. ती मी दुसऱ्या आठवड्यात बंद करायला लावली. मोबाइल लॉकरमध्ये असल्यामुळे दिवसभर पायावर असणाऱ्यांची पावलं मोजली जात नव्हती आणि बक्षिसं ऑफिसात जात होती. चालणाऱ्या माणसाला तू चालत नाहीस असं सांगणं हा अपमान आहे.

एकत्रित आकडे आले तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या: चहा आणि रात्रपाळी.

आमच्याकडे शिफ्टमध्ये तीन वेळा चहा येतो, किटलीतून, साखर घालूनच. मी कॅन्टीनच्या भटारखान्यात उभं राहून मोजलं. त्या पातेल्यात कपामागे दोन चमचे साखर पडत होती, साधारण दहा ग्रॅम. तीन कप इथले, दोन घरचे, झाली पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादा साधारण तेवढीच सांगते, आणि त्याच्या निम्मी असेल तर बरं म्हणते. म्हणजे जेवणाआधीच, नुसत्या चहात, हद्द गाठली. आता किटल्या दोन येतात, एक बिनसाखरेची, आणि साखर शेजारी डब्यात चमच्यासकट. पहिले काही दिवस त्या दुसऱ्या किटलीला कुणी हात लावला नाही. मग टूल रूमच्या दादांनी घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या हाताखालची चार पोरं त्यांच्यामागून. दादांनी घेतली म्हणून घेतली, मी सांगितलं म्हणून नाही.

रात्रपाळीचं अवघड. पहाटे तीनला भूक लागते तेव्हा वडापाव आणि समोसा यायचा, कारण तो संध्याकाळी तळून ठेवता येतो. मी रात्री दोन ते सहा तिथे थांबून पाहिलं. त्या वेळी माणसाला गरम आणि चटकन हातात घेऊन खाता येईल असं काहीतरी हवं असतं, त्याला काकडीची चकती दाखवून उपयोग नाही. मटकीची उसळ आणि उकडलेली अंडी सुरू केली, ती टिकली. भाकरी टिकली नाही. जवळच्या गावातून दोन बायका ज्वारीच्या भाकरी थापून आणायच्या, पण सेकंड शिफ्टपर्यंत त्या कडक व्हायच्या आणि लोक ताटात सोडून द्यायचे. तीन आठवड्यांत बंद करावी लागली. मला त्याचं अजून वाईट वाटतं, त्या बायकांचा रोजगारही गेला. पुन्हा करायची तर भाकरी इथेच, तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. त्याचा प्रस्ताव दिला आहे.

झोपेचं मात्र मला काही करता आलं नाही. आठवड्याला शिफ्ट बदलते, पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही. फॉर्मखाली "सात तास झोपा" असा सल्ला येत होता. तो मी काढून टाकला. जे माणसाच्या हातात नाही ते त्याला सांगू नये.

माझं स्वतःचं सांगायचं तर बसच्या आधीच्या थांब्यावर उतरते, संध्याकाळी घरामागच्या रस्त्याने पाऊण तास चालते, रात्रीचा भात अर्ध्या वाटीवर आणला. आठ महिन्यांनी एचबीए१सी ५.९, कंबर ८६. ठिपका सिस्टरनीच काढला. दादांना रोजची एक गोळी चालू आहे. दर सोमवारी कामावर चढण्याआधी ते पट्टा बांधून घेतात आणि आकडा टूल रूमच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितात.

२०२४ च्या फेरीला यादी तपासताना लक्षात आलं, कॅन्टीनच्या आणि हाउसकीपिंगच्या बायका पहिल्या वर्षी कुठेच नव्हत्या. त्यांना कंपनीचा मेल नाही, म्हणून लिंकच गेली नव्हती. दोनशे मीटरवर रोज दिसणाऱ्या बायका, त्यांच्या हातचा चहा मी पिते, आणि त्या माझ्या यादीत नाहीत. या वेळी सिस्टर आणि मी दुपारी साडेतीनला, भांडी झाल्यावर, भटारखान्यातच टेप घेऊन गेलो.

पहिल्या आल्या त्या चपातीवरच्या मावशी. फॉर्म मी माझ्या मोबाइलवर उघडला. वय? मावशींना सांगता येईना. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तवा मी पोटात होते." मी ५१ लिहिलं. मशेरी? दिवसातून तीनदा, पहिली अंथरुणातच. बीपी? कधी तपासलं नाही. कंबर मोजायला साडीच्या निऱ्या आड येत होत्या. सिस्टरनी मावशींना कोपऱ्यात पाठमोरं उभं केलं, मी पडद्यासारखी चादर धरली, निऱ्या जरा खाली सरकवून बरगडी चाचपली.

"हे कुनाला दावनार?" मावशींनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"कुणालाच नाही. तुमचं तुम्हालाच."

"माज्याकडं मोबाइल न्हाई. कागदावर लिहून द्या. पोरगं वाचल."

सिस्टरनी ओएचसीच्या चिठ्ठीवर माप, बीपी आणि गुण ठळक अक्षरात लिहिले, खाली सोमवारी यायची वेळ. मावशींनी हात पुसले, चिठ्ठीची घडी केली, डब्याच्या पिशवीत घातली आणि मागे उभ्या असलेल्या बाईला म्हणाल्या, "ये गं. दुखत न्हाई."